कपड्यांचा राब

कुसळवाडी, तालुका मुरबाड
२० मार्च २०२५

चि. अपेक्षा,

आबाचे आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. म्हशाच्या जत्रेपासून लिहीन लिहीन म्हणतोय. मध्ये वाल काढायचे होते, मग डोळ्यांना पाणी यायला लागलं, मग होळी आली. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मुख्य कारण हे की पहिलं वाक्य सुचत नव्हतं. तुझी आई माधुरी म्हणते, मोबाईलवर बोलून पाठवा, तिला ऐकू जाईल. दोनदा बोललो. त्यात खोकलाच जास्त गेला असणार. आणि तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा ते ऐकतेस की पुसून टाकतेस हेही मला कळायला मार्ग नाही. कागद निदान हातात तरी धरावा लागतो.

जत्रेत तुम्ही कॉलेजच्या मुलांनी बैलबाजाराच्या वाटेवर ताडपत्री घातली होती. पाटी लिहिली होती, ‘एक जुना आणा, एक जुना न्या.’ पोरं येत होती, पँट देऊन जाकीट नेत होती. तू माईकवरून सांगत होतीस की ढिगातला स्वस्त कपडा चार धुण्यांत मरतो, पण त्याचं मढं कुजत नाही, कारण तो कापसाचा नसतो, जमिनीखालच्या तेलाचा असतो. म्हणून घ्यायचाच नाही, आहे तोच शिवून वापरायचा. मी ते सगळं ऐकलं. बरं वाटलं. पण शेजारी आपल्या गावचा नामा उभा होता. तो खाकरून हसला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “शिकवून शिकवून नात बोहारीण झाली.” तू माईक खाली न घेताच म्हणालीस, “हो आबा, बोहारीण. फक्त भांडी नाय माझ्याकडं.” लोक हसले. तुझ्या बाजूनं हसले की माझ्या, ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरून शहापूरला गेलीस.

तिथं महामार्गाजवळच्या काचेच्या दुकानात तुला नोकरी लागली हे माधुरीनं सांगितलं. जुन्या कपड्यांची पिशवी आणून दिली की नव्या खरेदीवर सूट, आणि जुने कपडे धागा करायला कारखान्यात. हे काम तूच त्यांना सुचवलंस म्हणे. चांगलं आहे. सावलीत बसून काम आहे.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. तुझा टेम्पो आपल्या गावात येतो. पांढरा टेम्पो, बाजूला दुकानाचा फलक बांधलेला, त्यावर तुझा हसरा फोटो. पहिल्यांदा मला वाटलं तूच आलीस. गाडी घराकडं न वळता खाली, गावाबाहेरच्या वाडीच्या ओहळाकडं गेली, म्हणून मी काठी घेऊन मागोमाग गेलो. नितीन नावाचा मुलगा चालवतो. फाळकं पाडून त्यानं गठ्ठेच्या गठ्ठे ओहळात लोटले.

मी विचारलं, “काय रे, काय टाकतोस?”

“कपडे, आबा. वाटायला.”

“कोणाला?”

“गरिबांना. अपेक्षा मॅडमनी सांगितलंय.”

“मग गरिबांच्या दारात ने की. ओहळात कोण राहतो?”

तो हसला. “टाइम नाय, आबा. अजून फेरी मारायचीय.”

वाडीतल्या बाया आल्या, त्यांनी चांगलं चांगलं वेचून नेलं. रंजना तुला आठवत असेल, वीटभट्टीवर जाते ती. तिच्या धाकट्या पोरीला, गुणाला, चमचमणारा फ्रॉक मिळाला. गळ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती, म्हणजे तो कोणी अंगात घातलेलाच नव्हता. असे पुष्कळ होते. मला एक गोष्ट समजत नाही. जो कपडा घातलाच नाही तो जुना कसा झाला?

मीही एक जाकीट उचललं. खोटं कशाला बोलू. पाठीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. माधुरी म्हणते, आबा, घरात घाला, बाजारात नको.

तूच त्याला सांगितलंस का, एवढंच कळव. मी उगाच काळजी करतो हे मला माहीत आहे.

तुझा आबा,
महिपत


कुसळवाडी
४ एप्रिल २०२५

चि. अपेक्षा,

तुझं उत्तर माधुरीच्या मोबाईलवर आलं. तिनं मला तीनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्या दोन वेळेला मी मध्येच बोलत होतो. तू लिहिलंस, “आबा, आमचे कपडे कारखान्यातच जातात. नितीनदादा पोचल्यावर गेटचा फोटो पाठवतो. तुम्ही दुसरा टेम्पो पाहिला असेल. माझ्या कामावर जळणारे इथं पुष्कळ आहेत, तुम्ही तरी त्यांत जाऊ नका.”

मी जळत नाही गो. मी घाबरतो. दोन्हींत फरक आहे.

गेटचा फोटो म्हणजे काय? गेट तर कुठंही असतं. फाळकं उघडल्याचा फोटो त्याच्याकडं माग.

तुला पटावं म्हणून या पत्राबरोबर एका सदऱ्याची बाही पाठवतोय. ओहळातल्या ढिगात सापडली. कोपराला ठिगळ आहे आणि त्याला काट्याचा टाका आहे, जसा तुझ्या आजीनं तुला शिकवला, माशाच्या काट्यासारखा, एक डावा एक उजवा. तिच्यासारखा टाका या भागात कोणी घालत नाही. म्हणजे हा सदरा तू शिवलास, किंवा तू ज्यांना शिकवलंस त्या मुलांनी. कोणीतरी बसून, डोळे फोडून शिवला. तो पण फेकला, पोरी. ठिगळ लावलेला आणि चिठ्ठी लोंबणारा, दोन्ही एकाच ओहळात.

आता ढीग वाढलाय. आधी टेम्पो आठवड्यानं यायचा, आता केव्हाही येतो. वाडीतल्या बाया वेचायच्या थांबल्या. रंजना म्हणाली, “आबा, अंग एकच हाय. किती घालू?” खालच्या अंगाला त्यांची विहीर आहे. ओहळाला पाणी आलं की हे सगळं विहिरीच्या तोंडाशी जाऊन बसणार, हे सांगायला कोणी शहाणा लागत नाही.

पण मला ज्याची भीती वाटते ते वेगळंच आहे, आणि ते आजच सुरू झालं.

यंदा डोंगराला वणवा लागला होता. खालचा पातेरा, वाळला पाला, सगळा जळून गेला. झाडाचे टहाळ तोडायला जंगलाचा गार्ड देत नाही. मग भाताच्या रोपाची जागा, राब, कशानं भाजायचा? शेण आहे, पण वर जाळायला काही नाही. राब नीट भाजला नाही तर तण मरत नाही, रोप पिवळं निघतं, आणि रोप गेलं म्हणजे वर्ष गेलं. हे तुला मी सांगायला नको, लहानपणी राबाच्या राखेत बटाटे भाजून खायचीस.

तर आज नामाच्या खळ्यावर सगळे बसले होते. नामा म्हणाला, “ओहळात एवढं जळण पडलंय आणि आमी पातेरा शोधत फिरतो. घाला की राबात! बघा कसा भडकतो.”

कोणीतरी म्हणालं, “कपडा जाळायचा? शेतात?”

“का, शेताला लाज वाटते?” सगळे हसले. नामा पुढं म्हणाला, “शेणाचा थर, कपड्याचा थर, वर माती. गार्ड काय बोलणार? झाड तोडलंच नाय.”

मी म्हणालो, “नामा, तो कापूस नाय. तेलाचा कपडा हाय तो. अपेक्षानं म्हशाला सांगितलं होतं.”

“म्हशाला तुमीच तिला बोहारीण म्हणालात, आबा. आता तिची साक्ष काढता?”

आणि तुला माहीत आहे लोक माझ्याबद्दल काय बोलतात. आबाला सावलीचं भ्या. पाऊस पडला तर पूर येईल म्हणतो, नाही पडला तर दुष्काळ म्हणतो. म्हणून माझं कोणी धरत नाही.

तुझं धरतील. फलकावर फोटो तुझा आहे. नामा तर म्हणतोच, आपल्या पोरीनं गावासाठी पाठवलंय, वाया कशाला घालवा. हा कपडा मातीत जळला तर काय होतं ते तुला माहीत असेल. माहीत नसेल तर कॉलेजातल्या कोणाला विचार. मला राब भाजता येतो, पण तेल मातीत भाजलं तर काय उगवतं ते मला माहीत नाही.

लवकर लिही.

आबा


कुसळवाडी
१५ एप्रिल २०२५

चि. अपेक्षा,

बाही पोचली का? माधुरी फोनवर विचारते तर तू ‘हो’ म्हणतेस आणि दुसरं बोलायला लागतेस असं ती सांगते. तिनं राब भाजण्याचं काही काढलं की तू म्हणतेस, आबांनी तुला पढवलंय. म्हणून मी तिला आता काही सांगायला लावत नाही. मीच लिहितो.

रंजनाच्या गुणाचा हात भाजला.

वाडीत सगळ्यांनी चुलीत चिंध्या घालायला सुरुवात केली आहे. लाकूड आणायला लांब जावं लागतं, हे दारात पडलेलं. रंजनानं भाकरी टाकली होती, गुणा शेजारी बसून काठीनं चिंधी आत सारत होती. चिंधी पेटली ती जळून राख झाली नाही, पातळ झाली. काकवीसारखी ओघळली आणि पेटता थेंब पोरीच्या हातावर पडला. ती दुसऱ्या हातानं पुसायला गेली तर तो निघेना. निघाला तेव्हा कातडीसकट निघाला.

ओरडणं वरपर्यंत ऐकू आलं. मी खाली गेलो. रंजना पोरीचा हात माठात बुडवून बसली होती आणि पोर रडायची थांबली होती, ते मला जास्त वाईट वाटलं. आमच्याकडून मुरबाडपेक्षा शहापूर जवळ, म्हणून एसटीनं शहापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी हात बघितला आणि विचारलं, “प्लास्टिक जाळत होता का?” रंजना म्हणाली, “नाय बाई. कपडा.” त्या बाईंनी दुसऱ्या नर्सकडं बघितलं.

बोटं वाचतील. दोन बोटं सरळ होतील की नाही, ते जखम सुकल्यावर.

परत येताना रंजना खिडकीशी बसली होती. मी म्हणालो, काळजी करू नको, पोर लहान आहे, भरून येईल. ती म्हणाली, “आबा, फुकटचा कपडा अंगाला चिकटला बघा.” मग म्हणाली, “अपेक्षाताईचं नाव मी नाय घेणार. ती लहान असताना माझ्या पोरीला काखेत घेऊन फिरायची.” म्हणजे थोरलीला, जी आता भिवंडीला असते. मला तुझी आठवण झाली, पण तुला भेटायला वेळ नव्हता. एसटीचा टाइम झाला होता.

हे मी नामाला सांगितलं. हे बघ, म्हटलं, पोरीच्या हाताला काय झालं. त्याला वाईट वाटलं, त्यानं घरातून कोरफड दिली. पण म्हणाला, “आबा, चुलीत माणूस जवळ असतो. राबात कोण हात घालतं? वर मातीचा थर असतो.”

त्याचंही खोटं नाही. म्हणून मी जास्त घाबरलोय. चूक असती तर सांगता आलं असतं.

तुझा,
आबा


कुसळवाडी
२६ एप्रिल २०२५

चि. अपेक्षा,

आधी एक कबूल करतो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. मागल्या पत्रात लिहिलं की एसटीचा टाइम झाला होता. झाला नव्हता. गुणाला मलमपट्टी चालली होती तेव्हा मी चालत तुझ्या दुकानाकडं आलो होतो. समोरच्या रसवंतीत बसलो. काचेतून दिसत होतीस. अंगात दुकानाचा निळा टीशर्ट, हातात माईक. पोरंपोरी पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, तू सगळ्यांशी हसून बोलत होतीस. त्यांनी एका टेबलावर पिशवी दिली की दुसऱ्या टेबलावर सूट देणारी चिठ्ठी मिळत होती, आणि पोरं तिथूनच आत वळत होती. बाहेर येताना हातात दोन दोन नव्या पिशव्या. म्हशाला तू सांगत होतीस घेऊच नका. इथं तू तसं म्हणत नव्हतीस. काय म्हणत होतीस ते काचेतून ऐकू येत नव्हतं.

मागच्या गल्लीत नितीनचा टेम्पो लागला होता. दोघं जण पिशव्या न उघडताच आत फेकत होते. चांगलं वाईट निवडायला कोणी बसलं नव्हतं.

मी आत का आलो नाही? धोतराला करपल्याचा वास येत होता. आणि तू त्या पोरांसमोर माझी काय म्हणून ओळख करून दिली असतीस, ते बघायचा मला धीर झाला नाही. रस पिऊन परत गेलो. एवढंच.

आता इथलं.

गेल्या आठवड्यात मी आपल्या घरामागं, परसात, हातभर जागेत राब करून पाहिला. खाली शेण, मध्ये ओहळातले कपडे, वर माती, अगदी नामा सांगतो तसं. सकाळी लावला, संध्याकाळपर्यंत धुमसत होता. धूर काळा, गोडसर. माधुरीनं दार लावून घेतलं, तरी तिला रात्रभर खोकला. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर कुदळ घातली तर टण्ण आवाज. खालची माती काळी, कडक, डांबरी रस्त्याच्या तुकड्यासारखी झाली होती. त्यात पँटच्या चेन आणि बटणं रुतून बसली होती. घमेल्यानं पाणी ओतलं. पाणी वरच राहिलं, बाजूनं ओघळून गेलं, आत गेलं नाही.

पाणी मातीत गेलं नाही, अपेक्षा. मी एवढा म्हातारा झालो, असं कधी बघितलं नाही.

त्याचं एक ढेकूळ घेऊन नामाच्या खळ्यावर गेलो. सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. एकानं दगडावर आपटलं, ते फुटलं नाही. मला वाटलं आता पटलं. नामा म्हणाला, “थर जाड झाला असेल, आबा. आमी पातळ घालू. आणि नांगराच्या फाळापुढं काय टिकतं?” मग म्हणाला, “बरं, तुमच्या मनाचं करू. अपेक्षानं इथं येऊन सांगावं, हे घालू नका. तिनं एकदा सांगितलं तर मी स्वतः हे सगळं उपसून बाहेर टाकीन. पण पाठवते ती, आणि नको म्हणता तुमी. आमी कोणाचं ऐकायचं?”

म्हणजे त्याचं म्हणणं इतकं सोपं आहे.

ट्रॅक्टरनं ओहळातले कपडे वर आणून पसरायला सुरुवात झाली आहे. टेकाडाखालच्या सगळ्या रोपाच्या जागा, नामाची, आपली नाही, बाकी जवळजवळ सगळ्यांची. तांबडं, निळं, हिरवं, चमकीचं. लांबून बघितलं तर शेतात बाजार भरल्यासारखा वाटतो, आणि माणूस एकही नाही. माकडंसुद्धा उतरत नाहीत. ठरलंय की अखितीच्या, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, एकदम पेटवायचं. सगळं गाव एकदम भाजणार. सगळ्यांचं रोप एकदम जाणार, असं मी म्हणालो तर बायका माझ्यावर ओरडल्या, अभद्र बोलू नका.

नितीन काल आला होता. तो आता फार गोड बोलतो. नामाला म्हणाला, “मंगळवारी मी डिझेलचा कॅन आणतो, पटकन पेटेल.” मी विचारलं, तुला कशाला एवढी घाई? म्हणाला, “आबा, ओहळ साफ झाला तर तुमचंच भलं ना. विहीर वाचेल.” मग सगळे पांगल्यावर माझ्याबरोबर चालत आला. खांद्यावर हात ठेवला. “वय झालंय तुमचं. सांजचं ओहळाकडं एकटं नका जात जाऊ. पाय घसरतो.” मी माधुरीला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तू त्याला ओळखतेस, चांगला मुलगा आहे असं म्हणतेस. असेलही. मी कोणालाही घाबरतो.

पण तू ये. दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढ. मला भेटू नकोस हवं तर, नामाच्या खळ्यावर जा, दोन शब्द बोल आणि परत जा. एवढ्यानं होईल.

आबा


कुसळवाडी
२८ एप्रिल, सोमवार

चि. अपेक्षा,

तुझा मेसेज माधुरीनं आत्ता वाचला. “आबा, बाही माझीच होती. मी नितीनला विचारलं, तो म्हणतो चुकून एक गाडी तिकडं गेली. दुकानाच्या साहेबांशी बोलायचंय, पण अक्षय तृतीयेच्या सेलमुळं ते भेटत नाहीत. सुट्टी बंद आहे. मी रविवारी नक्की येते. तोपर्यंत कोणाला काही बोलू नका, माझी नोकरी जाईल.”

एक गाडी, असं तो म्हणाला. बरं.

पोरी, रविवार म्हणजे फार उशीर. उद्या सकाळी पेटवणार. मी कालच्या दिवसात चार घरी गेलो. एकानं चहा दिला, एकानं दिला नाही, ऐकलं कोणीच नाही. रंजना तेवढी म्हणाली, “मी येते तुमच्या बरोबर.” मी नको म्हटलं. पोरीचा हात अजून ओला आहे, आणि वाडीतली बाई पुढं झाली तर गावातले लोक तिच्यावरच तुटून पडतील. माझ्यावर पडले तर मी त्यांचा आबा तरी आहे.

तुझी नोकरी जाईल हे मला समजतं. गावात परत आलीस तर लोक काय म्हणतील हेही मला समजतं. मी समजत नाही असं समजू नकोस. पण मंगळवारनंतर लोक जे म्हणतील ते तुझा फोटो बघून म्हणतील. आत्ताच काही जण याला अपेक्षाचा राब म्हणायला लागलेत. आज ते प्रेमानं म्हणतात. रोप उगवलं नाही की त्याच नावानं म्हणतील, आणि मग ते नाव तुझ्या मागं जन्मभर चालेल. साहेबाचं नाव इथं कोणालाच माहीत नाही.

मी काय ठरवलंय ते तुला सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर अडवतील. राब नेहमी वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवतात, म्हणजे आग सावकाश सरकते आणि खालपर्यंत भाजतं. नामाच्या शेतात ती बाजू टेकाडाला लागून येते. सुरुवात त्याच्याच शेतापासून होणार. मी उजाडताना तिथं जाऊन बसणार आहे, कपड्यांवरच, मधोमध. म्हातारा माणूस बसलेला दिसला तर लोक शिव्या देतील, हात धरून ओढतील, पण काडी लावणार नाहीत. नामाला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तो लावणार नाही. बहुतेक लावणार नाही.

नितीनचं मला सांगता येत नाही. तो डिझेल घेऊन टेकाडाच्या पलीकडनं येणार आहे, आणि पलीकडनं मी दिसत नाही.

मला भीती वाटते हे लिहायला नको. पण घरात बसून तो धूर बघायची जास्त भीती वाटते.

माधुरी दुपारच्या एसटीनं हे पत्र घेऊन येत आहे. तिला वाटतं मी राबाबद्दलच लिहिलंय. तिच्याजवळ पिशवीत परसातलं ते काळं ढेकूळ दिलंय. साहेब भेटला नाही तर त्याच्या टेबलावर ठेव आणि निघून ये. शेवटची एसटी चुकली तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर ये. अगदीच येणं झालं नाही तर नामाला फोन कर, नंबर माधुरीकडं आहे. फोनवर तो ऐकेल की नाही मला माहीत नाही, पण तुझा आवाज त्यानं ऐकला पाहिजे, माझा ऐकून तो कंटाळलाय. त्याला एवढंच सांग, “हे कपडे मी पाठवले नाहीत, आणि ते जाळू नका.”

मी माझा मोबाईल जवळ ठेवतोय. मला उचलता येतो, फक्त हिरवं दाबायचं. येतेस की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळव. संध्याकाळी जमलं नाही तर पहाटे कळव, पण कळव गो. सकाळी वारा सुटायच्या आत.

तुझा,
आबा